रोगाचे चित्र आणि रोग्याचे दप्तर



तंजावर म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते बृहदीश्वराचे उत्तुंग विमान. त्यामागोमाग तंजावरी वीणा येते, आणि मग सोन्याच्या वर्खाने झळकणारी, रंगीत खड्यांनी मढवलेली देवादिकांची चित्रे. मराठी माणसाला या यादीत आणखी एका नावाची भर घातल्यावाचून राहवत नाही. ते नाव म्हणजे तेथील भोसले राजांनी जोपासलेले सरस्वती महाल ग्रंथालय. आज मी जे बोलणार आहे त्याचा आरंभ याच ग्रंथालयात जपून ठेवलेल्या काही चित्रांपासून होतो. मात्र या चित्रांत सोन्याचा वर्ख नाही, देव नाहीत आणि राजेही नाहीत. ही चित्रे आहेत सामान्य माणसांच्या आजारी डोळ्यांची.

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्या विरळ विकारांचे चित्रण हा माझ्या भाषणाचा विषय आहे. मग डोळ्यांच्या जुन्या चित्रांपाशी मी का थांबलो, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. मी वैद्य नव्हे. कागदपत्र सांभाळणे, त्यांचा माग काढणे आणि त्यांवरून निर्णय घेणे हा माझा रोजचा व्यवसाय. म्हणून या विषयाकडे मी दप्तरदाराच्या दृष्टीने पाहणार आहे, आणि मला वाटते, त्या दृष्टीलाही येथे थोडे काम आहे.

प्रथम त्या चित्रांची हकीकत. दुसरे सरफोजी महाराज यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला तो तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतीचा थोडा मुलूख. अशा स्थितीत पुष्कळ राजांनी उरलेले आयुष्य शिकारीत आणि नाचरंगात घालवल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत. सरफोजींनी ते ग्रंथ जमवण्यात, छापखाना चालवण्यात, शाळा काढण्यात आणि वैद्यकाचा अभ्यास करण्यात घालवले. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपातून मागवलेले शास्त्रीय ग्रंथही मोठ्या संख्येने होते.

त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा वेगवेगळ्या पद्धतींच्या औषधांचा विचार चाले. गुणाला आलेले पाठ तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले, आणि ते पुढे सरस्वती महालाने ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने प्रसिद्ध केले. त्या काळच्या युरोपीय पाहुण्यांच्या वर्णनांत राजांच्या ग्रंथालयातील विजेचे यंत्र, हवा खेचून घेणारा पंप आणि हस्तिदंताचा मानवी सांगाडा यांचा उल्लेख येतो. हा सांगाडा मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. ज्या देशात प्रेताला हात लावणे बहुतेकांना निषिद्ध वाटे, तेथे एक राजा मणक्यावर मणका कसा बसतो हे हस्तिदंतातून शिकू पाहत होता.

याच अभ्यासाचा एक भाग म्हणजे नेत्ररोग्यांची टिपणे. राजांचे आणि त्यांच्या वैद्यांचे हे काम चालू असताना मॅकबीन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याचेही त्यात साहाय्य होते. रोगी कोण, त्याची तक्रार काय, डोळ्याची स्थिती कशी, उपचार काय केला, हे कागदावर लिहिले जाई. त्यांतल्या कित्येक टिपणांबरोबर चितारी त्या रोग्याच्या डोळ्याचे चित्र रंगांत काढी. कोठे बुबुळावर आलेला मोतीबिंदूचा पडदा दिसतो, कोठे लाली, कोठे सूज. छायाचित्रणाचा शोध जगात रूढ होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

या कागदांचे मोल कशात आहे? चित्रे सुबक आहेत म्हणून नव्हे. तंजावरात त्याहून सुबक चित्रे काढणारे कारागीर घरोघर होते. चित्राशेजारी रोग्याचा वृत्तांत आहे, आणि चित्र व वृत्तांत ही दोन्ही कोणीतरी सांभाळून ठेवली, यात त्यांचे मोल आहे. नुसता लाल डोळा पाहून आजचा नेत्रवैद्य फार थोडे सांगू शकेल. पण त्याच्याबरोबर लिखाण असल्यामुळे दोन शतकांनंतरचे डॉक्टर ते कागद वाचू शकले आणि त्यांवर लेख लिहू शकले. चित्र, वृत्तांत आणि जतन या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याची मी आपल्याला विनंती करतो.

आता डोळ्यांकडून मेंदूकडे वळू. सरफोजींच्या चितार्‍याला डोळ्याचा दर्शनी भागच काय तो दिसत होता. बाहुलीच्या मागे काय आहे हे पाहण्याचे साधन त्या वेळी जगात कोणापाशीच नव्हते. राजांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, म्हणजे १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शक यंत्र जगापुढे मांडले, आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा प्रथमच नीट पाहता येऊ लागला. त्या पडद्यावर मधोमध नव्हे, थोडे नाकाच्या बाजूला, एक फिकट वर्तुळ असते. दृष्टीची नस तेथून निघून मेंदूकडे जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही नस मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. कवटीच्या आत गाठ वाढली किंवा पाणी साचले की आतला दाब वाढतो आणि हे वर्तुळ सुजते. अशा रीतीने मेंदूचा आजार बाहेरून पाहण्याची पहिली खिडकी वैद्यांना डोळ्यातच सापडली.

पण ती खिडकी फार लहान होती. आत काहीतरी बिघडले आहे एवढे कळे. कोठे आणि काय, ते कळत नसे. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा आता शरीरात लपलेले काही राहणार नाही असे लोकांना वाटले. हाडे दिसली, छातीतला क्षय दिसला, गिळलेले नाणेही दिसले. मेंदू मात्र दिसला नाही. तो हाडांच्या पेटीत बंद आहे आणि स्वतः मऊ आहे. साध्या क्ष-किरणचित्रात पेटी उमटते, आतला ऐवज उमटत नाही. पाठीच्या कण्याचेही तेच. मणके स्पष्ट येतात, त्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू येत नाही.

मग वैद्यांनी आडवाटा शोधल्या. १९१८ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणचित्र घेतले. हवेची काळी सावली कोठे सरकली आहे यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. १९२०-२१ च्या सुमारास फ्रान्समधील सिकार यांनी पाठीच्या पोकळीत आयोडीनयुक्त तेल सोडण्याची युक्ती काढली. ते तेल जेथे अडे, तेथे मज्जारज्जूवर दाब आहे असे समजायचे. १९२७ मध्ये लिस्बनचे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे जाळे उमटवले. या परीक्षा रोग्याला फार जड जात. हवा भरल्यावर डोके असह्य दुखे, वांत्या होत. आपल्या देशात १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, तेव्हा आणि पुढे पंचवीसएक वर्षे, आपल्या शल्यवैद्यांच्या हाती हीच साधने होती.

१ ऑक्टोबर १९७१ या दिवशी लंडनजवळच्या विंबल्डन येथील एका रुग्णालयात ही स्थिती पालटली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ज्या कंपनीत अभियंता होते, ती ध्वनिमुद्रिकांसाठी जगभर प्रसिद्ध होती. त्यांनी असे यंत्र केले की क्ष-किरण डोक्याभोवती अंशाअंशाने फिरवायचे, प्रत्येक ठिकाणी किती किरण पलीकडे पोचले ते मोजायचे, आणि त्या हजारो मापांवरून गणकयंत्राने आतल्या कापाचे चित्र रचायचे. कलिंगड न चिरता त्याची फोड पाहण्यासारखा हा प्रकार. त्या पहिल्या चित्राची जाळी अवघ्या ८० गुणिले ८० चौकोनांची होती, तरी मेंदूतली विकृती तीत दिसली. यालाच आपण आज सी. टी. स्कॅन म्हणतो. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि त्याच गणिताचा स्वतंत्र विचार केलेले अ‍ॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले.

त्यानंतर आले ते एम्. आर्. आय्. यंत्र. आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्याचे तत्त्व समजावयास कठीण जाऊ नये. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू. या अणूंचे गाभे लहान लहान चुंबकांप्रमाणे वागतात. रोग्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींइतक्या बलवान चुंबकात निजवतात आणि त्या गाभ्यांवर रेडिओलहरी सोडतात. लहरी थांबल्या की ते गाभे तशाच लहरी परत पाठवतात. नेहमीच्या यंत्रात या लहरींची स्पंदने सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष असतात. म्हणजे आपल्या एफ्. एम्. केंद्रांच्या किंचित खालच्या पट्टीत. बाहेरच्या रेडिओचा आवाज आत मिसळू नये म्हणून त्या खोलीला तांब्याच्या पत्र्यासारखे कवचही घालावे लागते. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या तत्त्वावर पहिले चित्र प्रसिद्ध केले, पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याला वेग आणला, आणि २००३ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. या यंत्रात क्ष-किरण नाहीत, आणि मज्जारज्जूसारखी मऊ वस्तूही त्यात विलक्षण स्पष्ट दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चित्र इतके स्पष्ट मिळू लागल्यावर त्याच्याशेजारच्या लिखाणाची गरज संपली काय? आजचा रोगी तसेच समजतो. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच तो फिल्मची मोठी पिशवी पुढे करतो आणि म्हणतो, ‘यात सगळे आहे.’ पुष्कळदा त्यात पुष्कळ असते, हे खरे. परंतु विरळ रोगांच्या बाबतीत त्या पिशवीत सगळे नसते. हे मी तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण तमिळनाडूतलेच, वेल्लोरचे. आपल्या देशात सी. टी. यंत्रे आल्यानंतर डॉक्टरांना एक चमत्कारिक दृश्य वारंवार दिसू लागले. एखाद्या धडधाकट मुलाला किंवा तरुणाला आकडी येई. चित्र घेतले की मेंदूत एकच लहानसा चमकणारा ठिपका किंवा कडे दिसे. पाश्चात्त्य ग्रंथांत याला धड उत्तर नव्हते. आपल्याकडे क्षय फार, म्हणून ती क्षयाची गाठ असावी असा अनेकांचा समज झाला आणि रोग्यांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. काही महिन्यांनी ठिपका नाहीसा होई, तेव्हा औषध लागू पडले असे वाटे. पण औषध न घेतलेल्यांचेही ठिपके नाहीसे होत होते! वेल्लोरच्या डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकार्‍यांनी ज्या रोग्यांचे ठिपके शस्त्रक्रियेने काढले होते त्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली तपास केला. पुष्कळांत क्षय नव्हताच. डॉक्टर ज्याला टेपवर्म म्हणतात त्या पट्टकृमीची मरू घातलेली अळी तेथे होती. १९८९ मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. या कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात जातात, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होऊ शकतो.

पुढे त्यांनी क्षयाची गाठ आणि ही अळी यांत फरक कसा करावा याच्या कसोट्या ठरवल्या. त्यांपैकी काही चित्रातल्या आहेत. ठिपका एकच असावा, वीस मिलिमीटरांहून मोठा नसावा, इत्यादी. उरलेल्या रोग्याच्या वृत्तांतातल्या आहेत. आजाराची सुरुवात आकडीनेच झाली काय? हातापायांची शक्ती दिवसेंदिवस कमी होत आहे काय? शरीरात अन्यत्र क्षय आहे काय? वृत्तांत बाजूला ठेवला तर चित्र अर्धेच उत्तर देते. आणि ते अर्धे उत्तर पूर्ण मानल्यामुळे किती निरोगी मुलांनी नको ती औषधे गिळली असतील, याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण एका अशा रोगाचे, जो पुष्कळ डॉक्टरांच्याही पाहण्यात क्वचितच येतो. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या दरम्यानचा मुलगा, क्वचित मुलगी. एका हाताची बोटे थंडीत आखडतात. शर्टाची गुंडी लावता येत नाही, लेखणी निसटते. पंजा आणि त्याच्या वरचा हात हळूहळू बारीक होत जातो. दुखत नाही, बधिरही होत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, दूध-तूप खा. १९५९ मध्ये जपानमधील हिरायामा यांनी अशा बारा तरुणांचे वर्णन केले आणि पुढे या रोगाला त्यांचेच नाव पडले. भारतात, विशेषतः दक्षिणेत, असे रोगी आढळतात हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. गौरीदेवी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले.

या रोगाचे कारण मोठे विलक्षण आहे. मज्जारज्जूभोवती एक आवरण असते. मान पुढे वाकवली की ते ताणले जाते. निरोगी माणसात ते पुरेसे सैल असते. या मुलांत ते अपुरे पडते, मागची भिंत पुढे सरकते आणि मानेच्या खालच्या भागातील मज्जारज्जू चेपला जातो. मान सरळ केली की सारे पूर्ववत. असे दिवसातून शेकडो वेळा होते आणि हाताच्या स्नायूंना हुकूम पाठवणार्‍या पेशी हळूहळू मरतात.

आता पाहा. एम्. आर्. आय्. यंत्रात रोग्याला उताणे, मान सरळ ठेवून निजवतात. त्या स्थितीतले चित्र जवळजवळ निर्दोष येऊ शकते. रिपोर्टात लिहिले जाते, ‘विशेष दोष आढळला नाही’, आणि मुलगा घरी परततो. तेच यंत्र, तोच मुलगा, पण मान पुढे वाकवून चित्र घेतले की मागचे आवरण पुढे आलेले आणि त्याच्या मागची पोकळी चंद्रकोरीसारखी भरलेली स्पष्ट दिसते. मान वाकवून चित्र घ्या, असे यंत्राला कोण सांगणार? ज्याने रोग्याची कथा ऐकली आहे तोच सांगू शकेल. आणि हे वेळेवर कळण्याला फार महत्त्व आहे. हा रोग बहुधा काही वर्षे वाढतो आणि मग आपोआप थांबतो. पण तोवर गेलेली हाताची शक्ती सहसा परत येत नाही. आरंभीच्या दिवसांत मान वाकू न देणारा साधा पट्टा लावला तरी पुष्कळांची हानी थोडक्यात थांबू शकते. काही रुपयांच्या पट्ट्याने वाचू शकणारा हात केवळ प्रश्न न विचारल्यामुळे जावा, याहून खेदाची गोष्ट कोणती?

तिसरे उदाहरण उतारवयाचे. साठीच्या आसपासचा गृहस्थ. चालताना पाय जड होतात, काही महिन्यांनी काठी लागते, लघवीवरचा ताबा सुटू लागतो. कमरेचे चित्र घेतले जाते आणि त्यात मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. दोष सापडला असे समजून कमरेवर उपचार होतात, कधी शस्त्रक्रियाही होते, आणि पाय अधिकच जड होत जातात. अशा काही रोग्यांत खरा दोष वर, पाठीच्या भागात असतो. मज्जारज्जूच्या आवरणात एक रोहिणी आणि एक नीला यांचा भलताच जोड झालेला असतो. त्यामुळे नीलांतील रक्त तुंबते आणि मज्जारज्जू सुजतो. पाठीचे चित्र घेतले तर ती सूज आणि तिच्या मागे फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे बारीक काळे ठिपके दिसतात. हा रोग विरळ आहे, पण तो जोड वेळीच बंद करता येतो.

येथे चूक चित्राची नसते. कमरेचे चित्र कमरेपुरते खरेच असते. परंतु दिसलेला प्रत्येक दोष म्हणजे आजाराचे कारण नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना पाठीचा कसलाही त्रास नव्हता अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रांचा विचार केला होता. त्यांत विशीतल्या शेकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या शेकडा ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशी ही झीज आहे. तेव्हा साधी कंबर दुखली की आपणहून स्कॅन काढून घेण्याचा आग्रह धरू नये. उलट पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर एक दिवसही दवडू नये.

या तिन्ही उदाहरणांत यंत्राने आपले काम चोख केले होते. उणीव होती ती चित्राशेजारच्या लिखाणाची. सामान्य रोगात ही उणीव अनुभवाने भरून निघते, कारण डॉक्टरांनी तसे रोगी शेकड्यांनी पाहिलेले असतात. विरळ रोगाचे दुर्दैव असे की, तो एका डॉक्टरला जन्मात एकदोनदाच भेटतो. एकाचा एक, दुसर्‍याचा एक असे वृत्तांत कोठेतरी एकत्र आले तरच त्याला नाव मिळते आणि त्याचे कारण कळते. हिरायामांनी बारा जणांच्या कथा शेजारी शेजारी मांडल्या म्हणून तो रोग जगाला कळला. बाराच्या बारा बारा दवाखान्यांत विखुरले असते, तर ते केवळ बारा अशक्त मुलगे ठरले असते.

येथे दप्तरदाराला आपले म्हणणे मांडायचे आहे. २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने केलेल्या नियमांत, रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे कागद उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जपावेत असे सांगितले आहे. आणि रोग्याने मागितल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावेत असेही म्हटले आहे. तीन वर्षे! ज्या मुलाचा हात पाच वर्षे बारीक होत जातो, त्याच्या पहिल्या चित्राची आणि शेवटच्या चित्राची गाठ अशाने पडणार कशी? सरफोजींच्या वैद्यांनी लिहिलेला एका अनामिक रोग्याच्या डोळ्याचा कागद सुमारे दोनशे वर्षे टिकतो, आणि आपल्या मुलाच्या मज्जारज्जूचे चित्र तो महाविद्यालयातून बाहेर पडेपर्यंतही टिकण्याची हमी नसते, ही तुलना मला अस्वस्थ करते. तीन वर्षांची ही मर्यादा किमान आहे, कमाल नव्हे, हे आपल्या रुग्णालयांनी ध्यानात घ्यावे. निदान मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या विरळ विकारांचे कागद तरी कायम जपावेत. १९५८ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय खुद्द तंजावरात आहे. अशी महाविद्यालये आपल्या प्रत्येक राज्यात आहेत. हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक खोली, एक माणूस आणि थोडी शिस्त लागते.

जतनाबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे वाचनीयता. तंजावर दरबारचे मराठी दप्तर मोडी लिपीत आहे. रुमालच्या रुमाल शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरल्यामुळे त्यांतले पुष्कळ अजून मुके आहे. आज स्कॅनबरोबर जी चकचकीत तबकडी मिळते, तिची गत याहून वेगळी नाही. दहा वर्षांनी ती कोणत्या यंत्रात घालायची, हेच कळेनासे होते. कागद टिकला आणि वाचणारा गेला, तर ते जतन अर्धवटच म्हटले पाहिजे.

सरकार आणि रुग्णालये आपले काम करोत. तोवर आपणही काही करू शकतो. घरात कोणाला मेंदूचा किंवा कण्याचा दीर्घ आजार असेल, तर एक साधी वही घालावी. पहिले लक्षण कोणत्या महिन्यात दिसले, कोणत्या कामात अडचण येऊ लागली, काय केल्याने वाढते व काय केल्याने कमी होते, कोणते औषध किती दिवस घेतले, हे तारखेसह लिहावे. जुन्या फिल्मा व रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून ठेवावेत. नवे चित्र आले म्हणून जुने रद्दीत घालू नये, कारण डॉक्टरांना दोन्हींतला फरकच पुष्कळदा अधिक सांगून जातो. आणि डॉक्टरांपुढे जाताना फिल्मची पिशवी पुढे करण्याआधी ही वही पुढे करावी. गुंडी लावता येईना, हे एक वाक्य त्या वहीत असले, तर कदाचित डॉक्टर म्हणतील, ‘जरा मान वाकवून चित्र घेऊन या.’

राज्यकारभार हातून गेलेल्या एका मराठी राजाने कावेरीच्या काठी आपल्या वैद्यांना, चितार्‍यांना आणि कारकुनांना एका ठिकाणी बसवले, आणि त्यांनी आजारी माणसाचे चित्र व त्याची कथा एकाच कागदावर उतरवली. आपल्यापाशी त्यांच्याहून सहस्रपट तीक्ष्ण दृष्टीची यंत्रे आहेत. त्या यंत्रांच्या शेजारी एक लेखणी आणि एक कपाट ठेवण्याचे काम अजून उरले आहे. ते आपण मनावर घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे होते.